अभयारण्यालगतच्या इको-सेन्सिटिव्ह झोनच्या मसुद्यावर हरकत किंवा सूचना कशी नोंदवावी?

अभयारण्याभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हणजे इको-सेन्सिटिव्ह झोन, जाहीर करण्यापूर्वी केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 मधील नियम 5 नुसार राजपत्रात मसुदा अधिसूचना प्रसिद्ध करते. त्या राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्याच्या दिवसापासून 60 दिवसांत कोणत्याही व्यक्तीला लेखी हरकत किंवा सूचना पाठवता येते. नागपूर जिल्ह्यात रामटेक व पारशिवनी तालुक्यांत पेंच आणि उमरेड, कुही व भिवापूर तालुक्यांत उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही संरक्षित क्षेत्रे असल्याने तेथील गावकऱ्यांनी ही प्रक्रिया नीट समजून घ्यावी.

झोनमध्ये नाव आले म्हणजे जमीन सरकारजमा झाली, ही भीती गावोगावी आढळते. ती निराधार आहे. सातबाऱ्यावरील मालकी बदलत नाही आणि चालू शेती, फळबाग, पावसाचे पाणी साठवणे यांना मुभा असते. बंदी सहसा व्यापारी खाणकाम, दगडखाणी, खडी क्रशर आणि प्रदूषणकारी उद्योगांवर येते, तर वृक्षतोड, रस्ता रुंदीकरण, तसेच शेतजमिनीचा अन्य वापर यांचे नियमन होते. म्हणून मसुद्यातील बंदी घातलेली, नियमन केलेली आणि प्रोत्साहन दिलेली कामे दाखवणारा तक्ता, गावांची यादी आणि नकाशा आधी वाचावा.

हरकत घेण्यासाठी जमीनमालक किंवा त्या गावचा रहिवासी असण्याची अट नाही. ठरावीक अर्जनमुना नाही, शुल्कही नाही. कागदपत्रे सक्तीची नसली तरी पुराव्याविना केलेली तक्रार दुबळी पडते. गट क्रमांकासह सातबारा, गाव नकाशावर खूण केलेली जागा, वन्यप्राण्यांचा वावर किंवा पाणवठा दाखवणारी तारखेसह छायाचित्रे आणि शक्य असल्यास ग्रामसभेचा ठराव जोडावा.

निवेदनात अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक लिहून कोणत्या परिच्छेदात नेमका कोणता बदल हवा, हे सांगावे. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या एका वाक्याच्या शंभर प्रतींपेक्षा ‘अमुक गटातला नाला वन्यप्राण्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर आहे, म्हणून सीमा त्यापलीकडे न्यावी’ असे एक सकारण निवेदन अधिक उपयोगी ठरते, असे माझे ठाम मत आहे. सीमा वाढवण्याची मागणीही सूचनाच असते, आणि ज्यांना जंगलाची काळजी आहे त्यांनी ती आवर्जून पाठवावी.

निवेदन मसुद्यात दिलेल्या नवी दिल्लीच्या पत्त्यावर किंवा ई-मेलवर पाठवावे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील वन भवनात, म्हणजे राज्याच्या वन विभागाच्या कार्यालयात, प्रत दिली तरी मूळ निवेदन केंद्रीय मंत्रालयाकडे मुदतीत पोहोचणे आवश्यक आहे. रजिस्टर्ड पोस्टाची पावती जपून ठेवावी. मराठीत लिहिल्यास सोबत हिंदी किंवा इंग्रजी सारांश जोडणे सोयीचे ठरते.

अंतिम अधिसूचनेनंतर राज्य सरकारने साधारणपणे 2 वर्षांत स्थानिकांशी सल्लामसलत करून झोनल मास्टर प्लॅन तयार करायचा असतो. पाणलोट, कुरणे, तलाव आणि वस्तीवाढ यांचा तपशील त्यात ठरतो, तेव्हा पहिली मुदत हुकलेल्या गावांनी ग्रामसभेचा ठराव घेऊन या टप्प्यावर आपले म्हणणे मांडावे.