पेद्रू, पॅडी, रामा: एकाचं नाव सगळ्यांना कसं चिकटतं

गोव्याकडच्या ख्रिस्ती माणसाला हिणवायला मराठीत ‘पेद्रू’ हा शब्द जुना आहे. मुळात ते पेद्रो, म्हणजे संत पीटरचं पोर्तुगीज नाव. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, पुढे धर्मांतरं झाली आणि बाप्तिस्म्याला संतांची नावं पडू लागली. पेद्रो, जुझे, आंतोनियो, फ्रान्सिस्को अशी तीच ती नावं वाड्यावाड्यांत पुन्हापुन्हा येत, पण शेजारच्या हिंदू घरात त्यातलं एकही नसे. त्यांच्यात मुबलक आणि आपल्यात अजिबात नाही, असं ज्या नावाचं होतं तेच साऱ्या लोकांवर लादलं जातं.

‘फिरंगी’ आणि ‘सिद्दी’ मात्र या प्रकारात धरू नयेत. फिरंगी हा शब्द फ्रँक या लोकांच्या नावावरून अरबी-फारसीमार्गे आला. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या नावामागे अरबी आदरार्थी संबोधन आहे. दोन्हींत कुणाचं पाळण्यातलं नाव नाही.

नाव मुबलक असण्याची अट किती पक्की आहे, ते आयर्लंडमध्ये दिसतं. पॅट्रिक हा तिथला थोर संत, पण सतराव्या शतकापर्यंत त्याचं नाव मुलांना सहसा थेट ठेवत नसत; त्याच्या मानापोटी ‘पॅट्रिकचा सेवक’ अशा अर्थाची नावं ठेवत. ते नाव घरोघरी झाल्यावरच इंग्रजांना सगळे आयरिश ‘पॅडी’ दिसू लागले. वेल्समधल्या डेव्हिडचा, म्हणजे दाविदचा, ‘टॅफी’ झाला आणि स्कॉटलंडमधल्या जॉनचा ‘जॉक’. महायुद्धांत जर्मन सैनिक ‘फ्रिट्झ’ झाला, रशियन ‘इव्हान’.

इव्हान सोडला तर यातलं एकही पूर्ण नाव नाही. फ्रीडरिखचं फ्रिट्झ, पॅट्रिकचं पॅडी ही घरातली लाडाची रूपं आहेत. आईने मारलेली तीच हाक परक्याने, तीही वरच्या पायरीवरून मारली की ती अरेतुरे होते. अपमान नावात नसतो, हाक मारणाऱ्याच्या जागेत असतो. ब्रिटिश शिपायाला ‘टॉमी’ म्हटलेलं म्हणूनच बोचत नाही: लष्कराच्या कागदांवर नमुन्यादाखल छापलेल्या ‘थॉमस ॲटकिन्स’वरून ते आलं, म्हणजे घरातूनच.

व्युत्पत्ती लावताना चुका ठरलेल्या जागी होतात. जर्मनांना ‘जेरी’ म्हणत, पण ते जेराल्ड-जेरेमीवरून नव्हे, बहुधा ‘जर्मन’ शब्दाच्याच मोडतोडीतून. व्हिएतनाम युद्धातला ‘चार्ली’ बिनतारी संदेशांतल्या अक्षरओळखीतून आला: व्हिएत काँगची आद्याक्षरं व्ही आणि सी, म्हणजे ‘व्हिक्टर चार्ली’. टॅफीचा संबंध टॅफ नदीशी जोडतात, तोही ऐकून सोडून द्यावा. शिवाय नाव एका लोकांवरून दुसऱ्यांवर घसरतं. डिएगो हे स्पॅनिश नाव. त्याचा ‘डेगो’ आधी स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांना लावला, नंतर अमेरिकेत इटालियनांना, ज्यांच्यात डिएगो हे नाव रूढच नव्हतं. एकदा शिवी झाली की मूळची अट कुणी तपासत नाही.

कोकणी माणसाच्या वाट्याला हेच मुंबईत आलं. रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही होता, माणसं गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला गेली. सुखवस्तू घरांत घरगडी म्हणजे ‘रामा’ असं समीकरण झालं. हे राष्ट्राचं टोपणनाव नव्हे, त्यात मुलूख आणि काम एकत्र बांधलेले आहेत. घडण मात्र तीच. फरक एवढाच की राम हे नाव मालकाच्याही देवघरात होतं, त्यामुळे इथे वेगळेपणा नावाने नाही, कामाने आणला. म्हणून ते गणपत, धोंडू, सखाराम अशा कुणालाही लागू पडलं. नवा गडी आला तरी हाक बदलत नसे. गावी मनीऑर्डर करताना तोच माणूस फॉर्मवर स्वतःचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, लिहवून घेई.