रजोनिवृत्ती आणि शरीराचे वजन

पाळी कायमची थांबण्याच्या सुमारास व त्यानंतर स्त्रीच्या वजनात, आणि त्याहीपेक्षा तिच्या शरीरातील चरबी व स्नायूंच्या प्रमाणात होणारा बदल. तसेच त्यावर आहार व व्यायाम यांचा पडणारा प्रभाव. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्यामुळे तिचा दिवस वर्षभर उलटून गेल्यावरच ठरवता येतो. केवळ गर्भाशय काढल्यामुळे पाळी थांबली असेल, तर ही व्याख्या लागू पडत नाही. भारतात रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे, तर पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास धरले जाते.

संज्ञा व प्राचीन उल्लेख : ‘ऋतुनिवृत्ती’ हा पर्यायही रूढ आहे, बोलण्यात ‘पाळी जाणे’ असेच म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रज बाराव्या वर्षापासून सुरू होते आणि शरीर जरेने पिकल्यावर पन्नाशीला क्षय पावते, असे म्हटले आहे. संहितेच्या काळाबद्दल एकमत नाही. आज उपलब्ध असलेला पाठ अनेक शतकांच्या संस्कारांतून आलेला असल्याने हा आकडा कोणत्या काळातील निरीक्षणाचा आहे, हे ठरवणे कठीण आहे. बारा व पन्नास या दोन्ही संख्या ठोकळ असाव्यात, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. स्थौल्याची (लठ्ठपणाची) चर्चा याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात वेगळी येते. कफकारक आहार, आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे (अध्यशन), व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोपणे ही कारणे तेथे दिली आहेत. पाळी जाण्याशी मात्र स्थौल्याचा संबंध तेथे जोडलेला नाही. ‘मेनोपॉज’ या संज्ञेचे श्रेय सामान्यतः शार्ल द गार्दान या फ्रेंच वैद्याला देतात. त्याच्या १८१६ च्या ग्रंथात तिचे आधीचे रूप आढळते, तर १८२१ च्या आवृत्तीत ती थेट शीर्षकात आली.

वजन वाढते, की चरबी? : पाळी गेली की वजन वाढते, ही समजूत सार्वत्रिक आहे. अभ्यासकांत मात्र यावर दीर्घकाळ मतभेद होते. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ४८५ स्त्रियांची तीन वर्षे पाहणी झाली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सरासरी सव्वादोन किलो वजन वाढले. परंतु नैसर्गिक रजोनिवृत्ती झालेल्या आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या वाढीत लक्षणीय फरक नव्हता. ‘स्वान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुकेंद्री अमेरिकी अभ्यासातही तीन वर्षांत सरासरी २·१ किलो वजन आणि २·२ सेंमी. कंबर वाढली, तिचा संबंध रजोनिवृत्तीच्या टप्प्याशी लागला नाही, शारीरिक हालचालीशी लागला (२००४). यावरून वजनवाढ वयाची, पाळीची नव्हे, हा पक्ष बळावला.

त्याच अभ्यासगटाच्या २०१९ मधील विश्लेषणाने प्रश्नच वेगळ्या रीतीने मांडला. वजनकाट्याऐवजी क्ष-किरणांवर आधारित मापनाने चरबी व चरबीविरहित वस्तुमान वेगवेगळे मोजले, तेव्हा पाळी थांबण्याआधीचा संक्रमणकाळ सुरू होताच चरबी साठण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो आणि स्नायूंसह चरबीविरहित भाग घटू लागतो, असे दिसले. शेवटच्या पाळीनंतर सुमारे दोन वर्षांनी दोन्ही रेषा सपाट होतात. एकूण वजनाची रेषा मात्र या काळात कोठेही एकदम चढत नाही. एकीकडे भर पडत होती, दुसरीकडे गळती चालू होती आणि काट्याला बेरीज तेवढी दिसत होती. जुने निष्कर्ष चुकीचे नव्हते. मोजमाप अपुरे होते.

कारणांबद्दल अद्याप मतैक्य नाही. ईस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्याने चरबी मांड्या व नितंबांऐवजी उदरपोकळीत साठू लागते, हे बहुमान्य आहे. अंडाशय काढलेल्या उंदीर-घुशी अधिक खातात व लठ्ठ होतात. पण तेवढ्यावरून स्त्रियांबाबत अनुमान काढण्यात धोका आहे. अंडाशयाला चालना देणारे व पाळी जाताना रक्तात वाढणारे पुटकपोषक संप्रेरक (एफएसएच) रोखणाऱ्या प्रतिपिंडाने उंदरांतील चरबी कमी झाल्याचे न्यूयॉर्क येथील मोने झैदी यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवले. त्यामुळे दोष ईस्ट्रोजेन घटण्याचा, की हे संप्रेरक वाढण्याचा, हा वाद नव्याने उभा राहिला. ‘चयापचय मंदावतो’ हे लोकप्रिय स्पष्टीकरण मात्र जपून घ्यावे लागते. हर्मन पॉन्टझर व सहकाऱ्यांनी २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या ऊर्जाव्ययाचे विश्लेषण केले (२०२१). शरीराचा आकार व घडण हिशेबात घेतल्यावर वयाच्या २० ते ६० वर्षांत तो जवळजवळ स्थिर आढळला आणि रजोनिवृत्तीपाशी वेगळा खड्डा दिसला नाही. संप्रेरक-उपचारांनी वजन वाढते, या समजुतीलाही चाचण्यांतून आधार मिळालेला नाही.

व्यायाम : सिअ‍ॅटल परिसरातील ४३९ स्थूल वा अतिभारी रजोनिवृत्त स्त्रियांवरील वर्षभराच्या चाचणीत (२०१२) केवळ आहारनियंत्रणाने वजन ८·५ टक्के, केवळ व्यायामाने २·४ टक्के आणि दोन्हींनी १०·८ टक्के घटले. वजन उतरवण्याचे काम मुख्यतः ताटात होते, हे यावरून उघड आहे. दुसऱ्या एका चाचणीत सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या गटाचे वजन अपेक्षेपेक्षा बरेच कमी उतरले. व्यायामाने खर्च झालेली ऊर्जा या स्त्रिया खाण्यातून वा उरलेल्या दिवसातील विश्रांतीतून भरून काढत असाव्यात.

तरीही व्यायामाला दुय्यम ठरवणे बरोबर नाही. खाणे कमी करून वजन उतरवताना स्नायू व हाडेही झिजतात आणि ती झीज आवरण्याचे मुख्य साधन वजन उचलण्याचे, जोर लावण्याचे व्यायाम हेच आहे. ऑस्ट्रेलियातील ‘लिफ्टमोर’ चाचणीत (२०१८) हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांपैकी एका गटाने देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जड वजने उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २·९ टक्क्यांनी वाढली. हलके व्यायाम घरी करणाऱ्या गटात ती १·२ टक्क्यांनी घटली. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूबळाचे व्यायाम सुचवते. आपल्याकडे सकाळच्या फेरीने पहिला भाग पुरा होतो, दुसरा सहसा राहूनच जातो.

आहार : ४८,८३५ रजोनिवृत्त स्त्रियांचा समावेश असलेल्या अमेरिकी ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’च्या आहार-चाचणीत कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन पहिल्या वर्षी २·२ किलोने उतरले, पण साडेसात वर्षांनी दोन गटांतील अंतर जेमतेम ०·४ किलो राहिले. याउलट, पाळी जाण्यापूर्वीच सुरुवात केलेल्या पिट्सबर्गच्या चाचणीत साडेचार वर्षांनंतर आहार-व्यायाम गटातील ५५ टक्के स्त्रियांचे वजन मूळ वजनाइतके वा कमी होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते.

भारतीय आहारात अडचण बहुधा प्रथिनांची असते. दर किलो वजनामागे दिवसाला ०·८३ ग्रॅम प्रथिने हे राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण आहे. उतारवयात ते १ ग्रॅमच्या वर न्यावे, असे अनेक तज्ज्ञ मानतात. उपासाचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. खिचडीतील प्रथिने येतात ती दाण्याच्या कुटातून, आणि त्यासोबत तेलही. कॅल्शियमसाठी नाचणी उत्तम : १०० ग्रॅममध्ये सुमारे ३६४ मिग्रॅ., म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाच्या भाकरीत साधारण १८० मिग्रॅ. रजोनिवृत्त स्त्रीची शिफारस केलेली दैनंदिन मात्रा १,२०० मिग्रॅ. आहे.

भारतीय संदर्भ : भारतीयांत कमी वजनातही चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी ठळकपणे मांडले. २००४ मध्ये त्यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२·३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९·१ आणि याज्ञिक यांची २१·२ टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी या निर्देशांकावर अतिभाराची सीमा २३, लठ्ठपणाची २५ आणि स्त्रियांच्या कंबरेची ८० सेंमी. मानली जाते. पाळी गेल्यानंतर या तिसऱ्या आकड्याला अधिक महत्त्व द्यावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत २४ टक्के स्त्रिया अतिभारी वा लठ्ठ आढळल्या. पण हा आकडा १५ ते ४९ वयोगटाचा आहे. पन्नाशीतली स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या वार्धक्यविषयक अभ्यासाच्या पहिल्या फेरीत (२०१७–१८) ४५ वर्षांवरील व्यक्तींची उंची, वजन व कंबर मोजण्यात आली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये कमी वयात गर्भाशय काढण्याचे प्रकार २०१९ मध्ये गाजले. अंडाशयेही काढल्यास रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि त्यानंतर वजन अधिक वेगाने वाढते, असे अमेरिकी पाहणीत दिसले आहे.