स्थिर झोपाळा, फिरती खोली

आजचे रोलर कोस्टर प्रवाशाच्या शरीराला खरोखरच हिसके देतात. जुन्या मनोरंजन उद्यानांकडे तेवढी यांत्रिक ताकद नव्हती. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ मध्ये सुरू झालेली लामार्कस थॉम्प्सन यांची गाडी ताशी जेमतेम १० किलोमीटर वेगाने धावे. त्यामुळे त्या काळातील काही कल्पक मंडळींनी थेट मेंदूलाच चकवण्याचा मार्ग धरला.

‘हाँटेड स्विंग’ हा त्याचा मला सर्वांत देखणा वाटणारा नमुना. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी तो सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९४ मधील प्रदर्शनात पाहिला आणि पुढच्याच वर्षी एका मानसशास्त्रीय नियतकालिकात त्याचे वर्णन केले. खोलीच्या मधोमध आडव्या लोखंडी दांड्याला मोठा झोपाळा टांगलेला असे. सुरुवातीच्या हलक्या धक्क्यानंतर झोके वाढत जात आणि अखेर आपण दांड्याभोवती पूर्ण गिरकी घेतली, असे बसलेल्यांना वाटे. प्रत्यक्षात झोपाळा जवळजवळ जागच्या जागीच असे. फिरे ती सामानसुमानासह अख्खी खोली. टेबलावरचा रॉकेलचा दिवासुद्धा खोटा होता. त्याच्या काचेत विजेचा लहानसा दिवा दडवलेला असे. खरा दिवा उलटा झाला असता, तर भलतेच नाट्य घडले असते!

आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या फिरण्याचा वेग बदलला की मेंदूला कळवतात, पण वेग एकसारखा राहिला तर त्यांचा संदेश लवकरच क्षीण होतो. साहजिकच, आपण हलत आहोत की नाही हे ठरवताना मेंदू डोळ्यांवर बराच विसंबतो आणि दृष्टीच्या टप्प्यातील सारे काही एकत्र सरकू लागले, तर आपणच सरकत आहोत असे धरून चालतो. कानातीलच गुरुत्वाकर्षण जाणणारी इंद्रिये मात्र आपण सरळ बसलो असल्याची ग्वाही देत राहतात. या विसंवादामुळेच अनेकांना भोवळ येई आणि मळमळे. गंमत अशी की, यंत्रणा पुरती ठाऊक असलेल्याच्याही पोटात प्रत्येक झोक्याला खड्डा पडे, असे वुड यांनी नोंदवले आहे. इंद्रियांचे संदेश जुळवणारी मेंदूतील प्रक्रिया आपल्या माहितीची फारशी दखल घेत नाही.

नेदरलँड्समधील एफ्टेलिंग उद्यानात १९९६ साली सुरू झालेल्या ‘व्हिला व्होल्टा’तही हीच युक्ती आहे. फक्त तेथे प्रेक्षकांची बाकेही थोडी झुलवली जातात, म्हणजे डोळ्यांच्या खोट्या साक्षीला कानाचाही थोडासा दुजोरा मिळतो.