बंदूक घरची असली तरी लायसन एकाचंच असतं

पावसाळ्याच्या तोंडाला गगनबावड्याकडचा एक पोरगा खताच्या पोत्यात गुंडाळलेली दुनळी घेऊन आमच्या बंदुकीच्या दुकानात आला. घोडा अडकतोय म्हणाला. लायसन? मोबाईलवर फोटो. कुणाच्या नावावर? वडिलांच्या. वडील कुठायत? वैरणीला गेलेत. मग त्यांची चिठ्ठी? "कसली चिठ्ठी?"

काम अर्ध्या तासाचं होतं. मूळ लायसन घेऊन वडील एसटीनं येईस्तोवर साडेतीन वाजले. तोवर पोरगा बाकावर बसून आमच्याकडं रागानं बघत होता. असं वरचेवर व्हायला लागलं, म्हणून हा कागद छापलाय.

शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 3 मध्येच याची सोय आहे. ज्याच्याकडं लायसन नाही, तोही दुरुस्तीसाठी किंवा लायसनच्या नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकतो. अट एवढीच की लायसनदार सोबत पाहिजे, नाहीतर त्याची लेखी परवानगी पाहिजे. चार ओळींची चिठ्ठी पुरते: मी अमुक, माझं लायसन नंबर अमुक, बंदुकीचा नंबर अमुक, ती माझा मुलगा तमुक याच्या हाती दुरुस्तीला पाठवत आहे, खाली तारीख आणि सही. सोबत मूळ लायसन द्या. बंदूक रिकामी करून द्या आणि काडतुसं घरी ठेवा.

"आम्ही काय चोर हाय का?" असं काही जण तोंडावर विचारतात. नाही हो. पण आमच्याकडं आलेलं प्रत्येक शस्त्र रजिस्टरला चढतं आणि ते रजिस्टर तपासलं जातं. तिथं कुणाचं नाव लिहू? वाटेत नाकाबंदीत अडवलं तर तुमच्या पोराकडं तरी दाखवायला काय असतं? दुसरीकडं चालवून घेतात म्हणणारे भेटतात. घेत असतील. आम्ही घेत नाही.

याहून मोठा घोटाळा लायसनदार वारल्यावर होतो. आबा जातात, त्यांची बारा बोअरची बंदूक कपाटावर राहते. दिवसकार्य होतं, वर्षश्राद्ध होतं, आणि मग कुणीतरी ती "सर्व्हिसिंगला" घेऊन येतो. आता चिठ्ठी कोण देणार? आबांबरोबर त्यांचं लायसनही संपलं, आणि तेव्हापासून ती बंदूक घरात बिनलायसनची पडून आहे. अशा वेळी विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून पावती घ्यायची आणि मग वारसानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. आबा हयात असतील तर आणखी सोपं. लायसनदाराचं वय 70 झालं किंवा बंदूक बाळगून 25 वर्षं झाली, की त्याला जिवंतपणीच वारस सुचवता येतो. दहातल्या नऊ घरांना हे ठाऊक नसतं.

आमच्याकडं जमा ठेवायची सोय आहे. भाडं घेतो, पावती देतो, आणि महिन्यातनं एकदा नळीतनं तेलाचं कापड फिरवतो. घरी हे होत नाही. चामड्याच्या कव्हरात घालून ठेवतात, चामडं ओल धरतं, आणि आपल्याकडच्या एका पावसाळ्यात नळीला गंजाची खडी येते. त्यावर खोबरेल लावणारेही आहेत. थंडीत ते गोठतं, नंतर चिकट होतं. त्या पोराच्या दुनळीचा घोडा त्यानंच अडकला होता. पातळ तेल लावा, तेही थेंबभर.

आता नव्यानं घेणाऱ्यांसाठी. आधी बंदूक पसंत करून बयाणा द्यायला येऊ नका, आम्ही घेत नाही. लायसन कधी मिळेल, मिळेल की नाही, हे आमच्या हातात नाही. ते जिल्हाधिकारी ठरवतात. वयाची 21 वर्षं पूर्ण पाहिजेत. अर्जानंतर पोलिसांचा अहवाल जातो. तब्येतीचा दाखला, शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरात बंदूक कुलपात कशी ठेवणार, हेही लागतं. 2019 च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि लायसन पाच वर्षांचं असतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या 60 दिवस आधी द्या, शेवटच्या आठवड्यात आमच्याकडं पळत येऊ नका.

राधानगरी-आजऱ्याकडनं गव्याला कंटाळून येणाऱ्यांना आधीच सांगतो. पीकसंरक्षणाचं लायसन असलं तरी गव्यावर गोळी झाडता येत नाही. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वरातीत बार काढायचा विचार असेल तर त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.

2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ आणल्यापासून पोरांना घेऊन येणारे पालक वाढलेत. सुरुवातीला .177 इंची नळीची, 20 जूलपर्यंतच्या ताकदीची एअर रायफल घ्या, तिला लायसन लागत नाही. स्वप्नीलचा 50 मीटरचा प्रकार .22 च्या काडतुसाच्या रायफलचा, तिला लायसन लागतं. पोराचा खांदा आणि हाताची लांबी बघून रायफल दाखवतो, म्हणून पोराला सोबत आणा. नुसतं बघून गेलात तरी चालेल.

चिठ्ठीचा छापील नमुना गल्ल्यापाशी ठेवलाय, फुकट आहे. दोन-चार घरी नेऊन ठेवा. सही मात्र लायसनदाराकडनं घरीच करून आणा. दुकानात येऊन वडिलांची सही स्वतः ठोकणारे आम्ही पाहिलेत, आणि ती बंदूक आम्ही हातात घेत नाही.