जुन्या लेन्सेस, मिररलेस कॅमेरा आणि मधला अडॅप्टर

फिल्मच्या जमान्यातली मॅन्युअल लेन्स आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर मधे एक धातूची कडी लावून वापरायची, याला फोटोवाले लोक लेन्स अडॅप्ट करणं म्हणतात. या कडीत बहुतेक वेळा काच नसते, वायर नसते, चिपपण नसते, आत बोट घातलं तर पलीकडून बाहेर येतं. थोडक्यात पैसे देऊन आपण विकत घेतो ती नीट मोजलेली रिकामी जागा.

ही जागा का लागते ते आधी. लेन्स जिथे बसते त्या माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज डिस्टन्स म्हणतात. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून बघायच्या कॅमेऱ्यात, मधे आरसा हलायचा, त्याला जागा हवी, म्हणून हे अंतर मोठं असायचं: एम४२ या आटेवाल्या माउंटचं ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५, मिनोल्टाचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमधून आरसाच गेला त्यामुळे सोनी ई १८ वर आला, कॅनन आरएफ २० वर, निकॉन झेड तर १६ वर. मग हिशोब साध्या वजाबाकीचा, एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमीची कडी. डीएसएलआरवाल्यांचं, म्हणजे डिजिटल एसएलआरवाल्यांचं, इथेच अडायचं. निकॉनच्या बॉडीवर एम४२ लेन्स एक मिलिमीटर आत सरकवावी लागली असती आणि ते शक्यच नाही, म्हणून अडॅप्टरमध्ये काच घालायची नाहीतर लांबचं फोकस सोडून द्यायचं. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला तेव्हा आधीच्या एफडी लेन्सेस अशाच वाऱ्यावर सुटल्या, कारण ईएफचं अंतर ४४ मिमी, एफडीपेक्षा जास्त. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा मिररलेस जी१ आला, २०१० मध्ये सोनीचे नेक्स आले आणि माळ्यावर पडलेल्या या लेन्सेसना परत भाव आला. २०१३ च्या सोनी ए७ पासून तर फुल फ्रेमवर, म्हणजे फिल्मच्या मापाच्या सेन्सरवर, वापरता यायला लागल्या, त्याआधी नेक्सच्या लहान क्रॉप सेन्सरवर ५८ मिमीची लेन्स ८७ सारखी दिसायची आणि वाइड लेन्सचा वाइडपणाच निघून जायचा.

कडी साधी असली तरी माप चुकलं की खेळ खलास. ५० मिमीची लेन्स असेल आणि अडॅप्टर फक्त ०.१ मिमी जाड झाला तर साधारण २५ मीटरच्या पुढे काहीच शार्प येत नाही, २८ मिमीची असेल तर ही हद्द ८ मीटरवर येते. माझा पहिला स्वस्तातला अडॅप्टर असाच निघाला, समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी काही केल्या शार्प होईना आणि मी आठवडाभर लेन्सलाच शिव्या घातल्या. म्हणून बरेच अडॅप्टर मुद्दाम केसभर पातळ करतात, इन्फिनिटी, म्हणजे सगळ्यात लांबचं फोकस, फोकसची रिंग संपायच्या आधीच येते, फक्त मग रिंगवरच्या मीटरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही.

लेन्स लागली तरी कॅमेऱ्याला वाटतं की काहीच लावलेलं नाही, त्यामुळे लेन्स नसताना शटर पडू दे असं एक सेटिंग मेनूत असतं ते आधी चालू करायचं, नवीन माणूस हमखास इथेच अडकतो. बॉडीत हाताचं हलणं सावरणारं स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लेंथ, म्हणजे लेन्सचा मिमीचा आकडा, हाताने भरायची. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी ठेवला की अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं पात्यांचं भोक, आपण रिंगने लहानमोठं करायचं, शटर स्पीड कॅमेरा बघून घेतो. फोकस हाताने, त्यासाठी पीकिंग असतं, शार्प कडांवर रंग चढतो, पण एफ १.४ ला, म्हणजे भोक खूप उघडं असताना, पीकिंग सर्रास फसवतं म्हणून व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठं करून बघितलेलं बरं. पळत्या पोराचे फोटो काढायचे असतील तर या भानगडीत पडूच नये.

सगळ्यात जास्त हातात दिसते ती सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२, ५८ मिमी एफ २, जिची रचना झाइसच्या जुन्या बायोटारवरून घेतलेली. हिला अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा, एकीवर आकडा धरून ठेवायचा आणि दुसरी टकटक न करता त्या आकड्यापर्यंत सरकते, म्हणजे उघडं ठेवून फोकस करायचा आणि नजर न हलवता बंद करायचं. दाट पानांच्या झाडासमोर कुणाला तरी उभं करून एफ २ ला फोटो काढला की मागचे उजेडाचे ठिपके मधे गोल आणि कडेला लिंबाच्या फोडीसारखे चपटे होतात, सगळी पानं चेहऱ्याभोवती फिरल्यासारखी दिसतात. एफ ४ केलं की ही जादू गेली, उरते एक बरी लेन्स.

प्रत्येक लेन्स मात्र इतकी सरळ नसते. काही एम४२ लेन्सेसना मागे एक पिन असते, ती दाबली गेली नाही तर पाती बंदच होत नाहीत, तेव्हा पिन दाबणारी आतली किनार असलेला अडॅप्टर घ्यायचा. एफडीला अ‍ॅपर्चरची कळ अडकवून धरणारा लागतो. निकॉनच्या जी लेन्सला रिंगच नाही म्हणून अडॅप्टरवर रिंग देतात. कॅनन ईएफचं अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, तिथे रिकामी कडी कामाची नाही, इलेक्ट्रॉनिकवालाच घ्यावा लागतो. रेंजफाइंडरच्या, म्हणजे बिनआरशाच्या फिल्म कॅमेऱ्यांच्या, काही वाइड लेन्सेस सेन्सरच्या फार जवळ जातात, कडेला प्रकाश तिरपा पडतो आणि कोपरे जांभळट किंवा पुसट येतात, त्यावर अडॅप्टर काही करू शकत नाही.

आपल्याकडे खरा शत्रू बुरशी. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुणाच्या घरच्या कपाटातून लेन्स घेताना पाती पूर्ण उघडायची आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघायचं. धुळीचे ठिपके चालतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ठेवून द्यायची. चामड्याच्या जुन्या कव्हरात लेन्स ठेवू नये, कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ते ओल धरून बसतं, त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल चांगलं. काच पिवळी दिसली म्हणून मात्र लगेच नाही म्हणू नका, पेंटॅक्सच्या काही ५० मिमी एफ १.४ टाकुमार लेन्सेसमध्ये थोरियमवाली काच आहे, ती वर्षं गेली की चहासारखी होते आणि काही दिवस उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवली की बरीचशी परत साफ होते.