कपाट आवरताना हात कुठे अडतो?

बेडरूममधलं कपाट आवरायला काढलं की पहिला अर्धा तास काम झपाट्यानं होतं. उसवलेले बनियन, जोड हरवलेले मोजे, आता अंगात शिरणारच नाहीत अशा पँटी. टाकायच्या ढिगाबरोबर आवरणाऱ्याचा उत्साहही वाढत जातो. मग एखादं झबलं हाताला लागतं, किंवा आता या जगात नसलेल्या माणसाचा स्वेटर, आणि तिथून पुढे काम हलत नाही. संध्याकाळी सगळं होतं तसं परत आत कोंबलं जातं.

याला आळस म्हणून मोकळं होता येतं, पण खरी गोम वेगळीच असावी. एकाच कपाटात आपण दोन निराळ्या कामांच्या वस्तू ठेवतो. काही वापरायच्या, काही आठवायच्या. वापरायच्या वस्तूंचा प्रश्न शोधाशोधीचा असतो, आठवायच्या वस्तूंचा स्मृतीचा. दोन्हींना ‘वर्षभरात वापरलं का?’ ही एकच फूटपट्टी लावली की घोळ होतो. झबलं वर्षभरात कोण वापरणार?

एक अडचण मात्र दोन्हींना सारखीच आहे. वस्तू ‘आपली’ झाली की तिची किंमत आपल्या नजरेत फुगते. डॅनियल कानेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉर्नेल विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले, काहींना दिले नाहीत. मगवाल्यांना तो विकायचा झाला तर किती घ्याल, आणि बाकीच्यांना विकत घ्यायचा झाला तर किती द्याल, असं विचारलं. तो मग हातात येऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. तरीही मगवाल्यांची मागणी बाकीच्यांच्या तयारीच्या दुपटीच्या आसपास गेली. काही मिनिटांच्या मालकीची ही गत, तर दहा वर्षं हँगरवर लटकलेल्या कोटाचं काय! म्हणून ‘हे टाकू का?’ असं विचारण्यात अर्थ नसतो, त्याचं उत्तर ठरलेलं आहे: ‘असू दे, लागेल कधीतरी.’ प्रश्न उलटा करावा. हे आज माझ्याकडे नसतं, तर मिळवायला मी किती खटपट केली असती?

महाग पडलेला पण कधीच न घातलेला कपडा हा याचाच भाऊबंद. पैसे गेले ते गेलेच, तो कपाटात राहिल्यानं परत येत नाहीत. हे सगळ्यांना पटतं आणि कपडा तरीही तिथेच राहतो.

काहींच्या बाबतीत मात्र गोष्ट नुसत्या हळहळीवर थांबत नाही. डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वस्तू साठवत राहण्याचा विकार असलेल्या लोकांना त्यांच्याच घरातले कागद दाखवून ‘ठेवायचा की फाडायचा?’ असं विचारलं आणि त्या वेळी मेंदूची प्रतिमा घेतली. निर्णय स्वतःच्या कागदांबद्दल असला की मेंदूतले दोन भाग, अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स आणि इन्सुला, हा विकार नसलेल्यांपेक्षा फार जोरात काम करत होते. दुसऱ्याच्या कागदांबाबत तेच भाग उलट थंड होते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात 2013 पासून या विकाराला स्वतंत्र जागा आहे. घरात चालायला वाट उरली नसेल, तर बाहेर गेलेल्या माणसाच्या माघारी त्याचं घर ‘साफ’ करू नये. तिथे गरज उपचारांची असते.

आता वापरायच्या कपड्यांकडे येऊ. इथे मला रंगसंगतीच्या सल्ल्यांपेक्षा संगणकशास्त्रातला एक निष्कर्ष जास्त भरवशाचा वाटतो. एका रांगेत वस्तू आहेत, हवी ती मिळेपर्यंत एका टोकापासून एकेक तपासत जायचं. तर ती रांग कोणत्या क्रमानं लावावी? हँगर सरकवत शर्ट शोधणं म्हणजे नेमकं हेच. डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी 1985 मध्ये या कोड्याचं गणित मांडलं. त्यांनी तपासलेल्या रीतींपैकी एक अगदी सोपी आहे: जी वस्तू काढली ती परत ठेवताना सगळ्यात पुढे ठेवायची. बस्स. पुढे कधी काय लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या एखाद्या सर्वज्ञानं रांग लावली, तरी त्याच्या तुलनेत या रीतीला लागणारे कष्ट दुपटीच्या पलीकडे जात नाहीत, असं त्यांनी सिद्ध केलं. भविष्य न जाणता एवढी हमी मिळणं ही मोठीच गोष्ट आहे.

कपाटात ते असं करायचं. दार उघडल्यावर हात आधी जिथे पोचतो ते टोक ठरवा. धुऊन आलेला प्रत्येक कपडा तिथेच अडकवा, मग त्याची ‘मूळ जागा’ कुठलीही असो. दोन-तीन महिन्यांत कपडे आपोआप चाळले जातात. रोजचे अलीकडे येतात, आणि पलीकडच्या टोकाला न घातलेल्या कपड्यांची गर्दी होते. कुठलीही यादी न करता टाकायचे उमेदवार एका जागी हजर! घड्यांच्या चळतीतही हेच होतं, कारण धुतलेला टी-शर्ट आपण वरच ठेवतो. म्हणजे अस्ताव्यस्त दिसणारी चळत बऱ्याचदा नीट लावलेलीच असते, फक्त वापराच्या क्रमानं. रंगांनुसार लावलेलं कपाट फोटोत सुरेख दिसतं, पण ते टिकवायला दर धुण्यामागे कष्ट पडतात आणि कोणता कपडा पडून आहे ते कळत नाही.

या रीतीला ऋतू कळत नाहीत, हे खरं. रेनकोट आणि थंडीचे कपडे पलीकडच्या टोकाला गेले म्हणून ते निकामी ठरत नाहीत, त्यांचा कप्पा वेगळा असावा. विणलेले लोकरी कपडे हँगरला तसेही लावू नयेत. विणकाम म्हणजे एकमेकांत अडकलेले सैल फास. कपड्याच्या स्वतःच्या वजनानं ते ताणले जातात आणि स्वेटर खांद्यात फुगून खाली ओघळतो.

राहिल्या आठवणीच्या वस्तू. ब्रूस हुड आणि पॉल ब्लूम यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक यंत्र दाखवलं: दोन खोकी, दिवे, बटणं. एका खोक्यात वस्तू ठेवली की दुसऱ्यात तिची हुबेहूब प्रत तयार होते, अशी मुलांची खात्री पटवली. (अर्थात ती हातचलाखी होती.) साध्या खेळण्याची प्रत घरी न्यायला मुलं खुशीनं तयार झाली. पण रात्री जवळ घेऊन झोपायची बाहुली किंवा पांघरूण म्हटलं की बहुतेकांना मूळचंच परत हवं होतं. काहींनी तर ते यंत्रात ठेवूच दिलं नाही. दिसायला सगळं सारखं असलं तरी त्या वस्तूला एक इतिहास असतो, आणि तो प्रतीत उतरत नाही, हे एवढ्या लहान वयात कळतं. मोठेपणी झबल्याशी अडणारा हात हाच.

तरी ‘हे टाकलं तर आठवणही जाईल’ ही भीती तपासून पाहण्यासारखी आहे. एंडेल टुल्विंग आणि झेना पर्लस्टोन यांनी 1966 मध्ये विद्यार्थ्यांना शब्दांच्या लांबलचक याद्या वाचून दाखवल्या. काहींना नुसतं ‘आठवेल ते लिहा’ म्हटलं, काहींना शब्दांच्या गटांची नावं समोर दिली. नावं मिळालेल्यांना कितीतरी जास्त शब्द आठवले. म्हणजे शब्द डोक्यात होते, त्यांच्यापर्यंत पोचायला खूण नव्हती. स्वेटर ही अशीच खूण आहे. आठवण लोकरीत नसते, आपल्यात असते. आणि खूण म्हणून अख्खा स्वेटर लागतोच असं नाही.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत हे करून पाहिलं गेलं. कॅरन विंटरिच आणि सहकाऱ्यांच्या 2017 मधल्या या अभ्यासात काही वसतिगृहांत ‘नको त्या वस्तू दान करा’ एवढंच आवाहन होतं. इतर ठिकाणी ‘आठवणीच्या वस्तूचा आधी फोटो काढा, मग ती द्या’ असं सुचवलं होतं. साध्या आवाहनाला 533 वस्तू जमल्या, फोटोच्या आवाहनाला 613.

पण फोटोचाही एक चकवा आहे. लिंडा हेंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहालयातल्या प्रयोगात, लोकांनी ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. काम कॅमेऱ्यावर सोपवलं की डोळे ढिले पडतात. एखाद्या बारकाव्यावर झूम करून फोटो काढला तेव्हा मात्र हा तोटा दिसला नाही. म्हणून पलंगावर चार कोपरे ताणून काढलेला फोटो फारसा उपयोगाचा नाही. कोपरावरचं ठिगळ, न जुळणारं तिसरं बटण, खिशाशी उतरलेला शाईचा डाग, यांचे जवळून फोटो काढा आणि तो डाग कसा पडला ते दोन ओळींत लिहून ठेवा.

वासाला मात्र फोटोचा इलाज चालत नाही. बाकी इंद्रियांचे संदेश आधी थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या ठाण्यातून वळसा घेतात. गंधाचे संदेश त्या वळशाशिवाय अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या भागापर्यंत आणि स्मृतीच्या यंत्रणेपर्यंत पोचतात. ज्या कपड्याला अजून त्या माणसाचा वास आहे तो तूर्त राहू द्यावा. दुःख ताजं असताना कपाट रिकामं करण्याची घाई कशाला?

जे ठेवायचं ठरेल ते नीट ठेवायला हवं, आणि इथे चांगल्या हेतूनं बरंच नुकसान होतं. डांबराच्या गोळ्यांपासून सुरुवात करू. त्यातलं नॅफ्थलीन घनरूपातून थेट वायूत जातं. कसरीला मारण्याइतकी वाफ फक्त हवाबंद डब्यात साठते. साध्या कपाटातून ती झोपायच्या खोलीत पसरते, आणि तिच्यामुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेनं नोंदवलेली आहे. जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांना तर अशा गोळ्यांत ठेवलेले कपडे घातल्यानं रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. जपलेलं झबलं पुढच्या बाळाला घालायचं असेल, तर त्यात डांबरगोळी नकोच.

कपडे खाते ती कसरीची अळी. पतंग झालेली कसर काहीच खात नाही. अळीला लोकर तर आवडतेच, पण घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली लोकर अधिक, त्यामुळे धुऊन, पूर्ण वाळवून ठेवणं हाच पहिला उपाय. शंका असेल तर कपडा पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर त्यावर दव धरेल.

मऊ पीव्हीसीची कव्हरं कालांतरानं चिकट होतात. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, त्यात गुंडाळलेलं कापड पिवळं पडतं. धुतलेलं पांढरं सुती कापड दोन्हींपेक्षा बरं. आणि जुनी तिकिटं? त्यातली बरीचशी थर्मल कागदावर छापलेली असतात. तिथे शाई नसतेच, उष्णतेनं काळा होणारा थर असतो आणि तो वर्षागणिक विटत जातो. जपायचं म्हणून असं तिकीट गरम लॅमिनेशनला दिलंत, तर यंत्रातून काळाकुट्ट कागद बाहेर येईल. त्याचा फोटो आजच काढा. घडी घातलेले कपडे वर्षातून एकदा उलगडून नव्या रेषेवर घडी करा, कारण धागे तुटतात ते जुन्या घडीवरच.