चाकं अंगात मुरतात तेव्हा मेंदूत काय होतं?

“एकदा खुर्चीत बसली का पाय कायमचे जातात.” गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण असलेल्या घरांत असं बोललं जातं, आणि मिळालेली व्हीलचेअर ओसरीत घडी होऊन पडते. हा समज निखालस चुकीचा आहे.

सिकलसेलमध्ये, रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल बसतं. तेवढ्यानं ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे धागे बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या. त्या तुंबल्या तर हाड मरतं, पुढे खचतं. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. खुर्ची तो वाचवते. दुखणं कमी असेल त्या दिवशी खुर्ची वापरणारी मुलगी चार पावलं चालते आणि शेजारी म्हणतात, “नाटकं करते.” आजारच चढउताराचा आहे, त्यात नाटक कुठलं?

पण खुर्ची परकी वाटते, तिच्यात बसायची लाज वाटते, त्याचं काय? इथे मला मेंदूविज्ञानातला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. 1911 मध्ये हेड आणि होम्स या लंडनच्या डॉक्टरांनी मांडलं, की मेंदू शरीराचा एक नकाशा सतत बदलत ठेवतो आणि टोपीतलं पीससुद्धा त्यात सामावू शकतं. 1996 मध्ये जपानच्या अत्सुशी इरिकी यांनी हे चेतापेशींत पाहिलं. माकडाच्या मेंदूत, वरच्या-मागच्या भागातल्या इंट्रापॅरायटल नावाच्या खाचेच्या काठावर, अशा पेशी असतात की हाताला स्पर्श झाला तरी त्या पेटतात आणि हाताजवळ काही दिसलं तरी पेटतात. म्हणजे एकाच पेशीला दोन क्षेत्रं, एक त्वचेवरचं, एक नजरेतलं. माकड दाताळ्यानं खाऊ ओढायला शिकलं. काही मिनिटं ओढल्यावर नजरेतलं क्षेत्र ताणलं गेलं, दाताळ्याच्या टोकापर्यंत पोहोचलं. दाताळं नुसतं हातात धरलं तेव्हा मात्र काहीच बदललं नाही. वापर थांबला तसं क्षेत्र पुन्हा आखडलं.

बंडी हाकणारा अरुंद फाटकातून चाक न बघता काढतो, तशीच सरावानं खुर्चीची रुंदीही अंगात मुरते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की हातांत ताकद असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर अंगणात चाकं तिला स्वतः फिरवू द्या. खुर्चीची मागची मूठ धरायची तर आधी तिला विचारा.

नकाशा जुळला म्हणजे दुःख सरलं, असं नाही. वावरातली कामं सुटली, पोळ्याला सोबत चालणं सुटलं, त्याचं रडू येणारच. त्या वेळी “हिंमत ठेव” म्हणण्यापेक्षा जवळ बसावं. “बाहेरचं झालं” म्हणून गंडेदोरे करणारे आणि तेलानं मेलेलं हाड जिवंत करतो म्हणणारे, दोघांनाही दारातूनच परत पाठवा. त्यांच्यापायी उपचाराचे महिने वाया जातात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. आणि घरासमोरची पायरी मोजा. उताराचं प्रमाण एकास बारा ठेवायचं, म्हणजे 15 सेंटीमीटर उंच पायरीला 180 सेंटीमीटर लांब उतार लागेल. त्याहून खडा केला तर एकटीला चढवत नाही.